उरुळीकांचनचे मणिभाई आणि न फळणारी गाय

सोमेश्वरनगर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यागोठ्यांत वाढ्यांचे भारे येऊन पडतात. हिरवी वैरण हाताशी असते, जनावर पोटभर खाते, दूधही बरे देते. मग माघ-फाल्गुनात दूध संकलन केंद्रावरच्या गप्पांत एकच विषय निघतो. गाय भरवली होती, उलटली. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. वाणेवाडी असो, वाघळवाडी असो, निंबुत असो की करंजे, तक्रार तीच. आणि तोडगाही ठरलेला, एखादे हार्मोनचे इंजेक्शन देऊन टाका.

गाय फळत नाही म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कागदावर मांडून दाखवायची गरज नाही. तरी हिशेब करून पाहा. दिवसाचा वैरण-खुराकाचा खर्च दीडशे रुपये धरला, तर एक माज वाया गेला की २१ दिवसांचे ३,१५० रुपये गेले. तीनदा उलटली तर साडेनऊ हजारांच्या घरात. वर पुढचे वेत लांबले ते वेगळेच.

कृत्रिम रेतन दवाखान्यातून उचलून शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेऊन पोचवणारा एक माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेला. तो पशुवैद्य नव्हता. जन्माने महाराष्ट्रातला नव्हता. ज्या आश्रमात त्याने हयात घालवली तो आश्रम तर औषधाविना बरे करण्यासाठी निघालेला. त्या माणसाचे, म्हणजे मणिभाई देसाईंचे, आयुष्य मुळापासून पाहिले की गाय फळण्याच्या कामात इंजेक्शनचा नंबर कितवा लागतो तेही कळते. उरुळीकांचन आपल्याला लांब नाही. जेजुरीवरून शिंदवणे घाट उतरला की आलेच.

सुरतेकडचा मुलगा

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० चा. गुजरातेत सुरत जिल्ह्यातले कोसमाडा हे त्यांचे गाव. घर शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. ते दहा वर्षांचे असताना, १९३० साली, दांडीयात्रा त्यांच्याच जिल्ह्यातून गेली. त्या भागातल्या पोरांच्या मनावर त्याचा परिणाम झाला नसता तरच नवल. पुढे मणिभाई विज्ञान शिकले. घरच्यांची अपेक्षा चांगल्या नोकरीची असणार, पण १९४२ ची चळवळ आली आणि त्यांनी त्यात उडी घेतली, तुरुंगवास भोगला. सुटल्यावर ते गांधीजींच्या सेवाग्रामला पोचले.

गांधीजींच्या डोक्यात त्या काळात निसर्गोपचाराचा विचार घोळत होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचे निसर्गोपचार केंद्र होते, त्याला गांधीजींचा आधार होता. गोरगरिबांसाठी तिथेच काही करावे असे आधी चालले होते. पण गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहू शकत नाही, हे ध्यानात आल्यावर खेड्याचा शोध सुरू झाला आणि पुणे-दौंड रेल्वेवरचे उरुळीकांचन ठरले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले, रोज रोगी तपासले, आणि मग इंग्रज मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाशी बोलणी करायला दिल्लीला गेले. १ एप्रिल १९४६ ला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मागे राहिलेल्यांत विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे होते आणि पंचविशीतले मणिभाई होते.

गांधीजी उरुळीला कायमचे राहिले नाहीत. मणिभाईंनी मात्र त्यांना शब्द दिला होता की आता हे गाव सोडणार नाही, आपली राख इथल्याच मातीत पडेल. लग्न केले नाही. शब्द दिला तेव्हा ते ज्या वयाचे होते त्या वयात माणसे असे पुष्कळ बोलून जातात. यांनी सत्तेचाळीस वर्षे पाळला.

रोग्यापासून गोठ्यापर्यंत

माती, पाणी, ऊन आणि आहार यांनी माणूस बरा करायचा, असे आश्रमाचे काम. पण खेड्यातला रोगी बरा होऊन घरी गेला की थोड्या दिवसांत पुन्हा दारात उभा. कारण घरी आहारच नव्हता. दूध तर औषधालाही नाही. रोगाचे मूळ गरिबीत आहे आणि गरिबीचे मूळ कोरड्या शेतात आणि भाकड जनावरात आहे, हे मणिभाईंना या कामातून उमगले. मग गावात शाळा आली, आश्रमाच्या माळावर शेती उभी राहिली, द्राक्षाचे मळे झाले, आणि गोशाळा आली.

गोशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या गाईंचा पांजरपोळ येतो. मणिभाईंची गोशाळा तशी नव्हती. त्यांनी सौराष्ट्रातल्या गीर गाई आणल्या आणि प्रत्येक गाईचा हिशेब ठेवला. कोणती किती दूध देते, कधी माजावर आली, कोणत्या वळूने भरली, कधी व्याली, वासराचे वजन काय. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण त्या काळात गावोगाव गाय होती आणि तिची एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. विज्ञान शिकलेल्या माणसाने गाईकडे पाहताना डोळ्यांत भक्तीही ठेवली आणि हातात वहीही ठेवली. माझ्या मते मणिभाईंचे सगळे पुढचे काम या वहीतून निघाले.

वहीने त्यांना जे सांगितले ते सुखाचे नव्हते. गीर चांगली, काटक, निवडीने तिचे दूध वाढतेही, पण एका पिढीत वाढणार ते थोडेच, आणि देशात अशा चांगल्या गाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीची गावठी जनावरे दिवसाला लिटर-दोन लिटरवर. त्याहून मोठी अडचण दुधाची नव्हतीच, ती वेताची होती. गावठी कालवड पहिल्यांदा व्यायला चार वर्षे आणि कधी त्याहून जास्त घेई. दोन वेतांत दीड-दोन वर्षांचे अंतर. म्हणजे शेतकऱ्याने गाय दहा वर्षे पोसायची आणि वासरे मोजून तीन-चार. गाय दूध कमी देते म्हणून शेतकरी गरीब, हे अर्धेच खरे होते. गाय वेळेवर फळत नाही म्हणून तो गरीब होता.

संकराचा विचार इथून आला. होलस्टिन किंवा जर्सी वळूचे रेत वापरून गावठी गाईला झालेली कालवड नीट सांभाळली तर अडीच-तीन वर्षांत विते आणि पुढे तेरा ते पंधरा महिन्यांनी पुन्हा. दूध कैक पटींनी वाढते, याचाच बोलबाला फार झाला. संकराची खरी कमाई या लवकर येण्यात होती.

गोसेवेच्या कामातल्या मंडळींना हे रुचणे अवघड होते. गांधीजींच्या हाताखालचा माणूस, गीर गाईची सेवा करणारा, आणि परदेशी वळूचे रक्त आणतो म्हणजे काय? या मतभेदात मणिभाईंनी गीर सोडली नाही, आणि संकरही सोडला नाही. शेतकऱ्याला गाय परवडली तरच गाय वाचेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

नळी दारात आली

ऑगस्ट १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. सगळा महाराष्ट्र तिला बायफ म्हणून ओळखतो. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, मणिभाईंना पद्मश्री मिळाली.

कृत्रिम रेतन तेव्हा नवे नव्हते. त्याची सुरुवात तर घोड्यांपासून झालेली. इवानोव या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांचे रेत जमवून घोड्या फळवल्या आणि तिथून ही विद्या गाईकडे आली. आपल्या देशात म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ साली हा प्रयोग झाला. अडचण होती ती रेत टिकण्याची. नुसते थंड ठेवलेले रेत दोन-तीन दिवसांत निकामी व्हायचे. १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरीन घालून रेत गोठवण्याची युक्ती सापडली. पुढे द्रव नत्राच्या टाकीत, उणे १९६ अंशाला, ते वर्षानुवर्षे ठेवता येऊ लागले. उरुळीला वळू, प्रयोगशाळा आणि गोठवलेले रेत अशी साखळी तयार झाली. गोठवलेले रेत खेड्यापाड्यात नेऊन वापरणाऱ्या देशातल्या पहिल्या काही संस्थांत बायफचे नाव घ्यावे लागते.

पण तंत्र म्हणजे काम नव्हे. सरकारी पद्धत अशी होती की गाय दवाखान्यात आणायची. आता विचार करा. गाईचा माज टिकतो बारा ते अठरा तास. मालकाच्या तो ध्यानात येईपर्यंत त्यातले पाच-सहा तास गेले. त्यानंतर गाय सोडून तीन-चार मैल उन्हातून चालवत न्यायची, तिथे डॉक्टर दौऱ्यावर, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेतकऱ्याची एक रोजंदारी बुडाली आणि गाय दमून गेली, ती फळणार कशी? मणिभाईंनी हे उलटे केले. गाय जागेवर राहील, माणूस टाकी घेऊन जाईल. एका केंद्राकडे दहा-पंधरा गावे आणि त्यातल्या हजार-दोन हजार गाई. केंद्रावरचा माणूस शिकवून तयार केलेला, त्याच्याकडे मोटारसायकल, द्रव नत्राचे भांडे आणि नोंदवही. त्याने रेतन करायचे, एकवीस दिवसांनी चौकशी करायची, दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासायची, व्याल्यावर वासरू पाहायचे. ज्याच्या गाई फळत नाहीत त्याचा गोठा तपासायचा.

हे सगळे पैशावाचून होत नाही. त्या कामी सहकारी साखर कारखाने पुढे आले, आपापल्या कार्यक्षेत्रात अशी केंद्रे चालावीत म्हणून त्यांनी खर्च उचलला. कारखान्याच्या सभासदाला उसाचे बिल वर्षातून मोजक्या हप्त्यांत मिळते, दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी येतात. हे गणित कारखानदारीतल्या जाणत्या मंडळींना चटकन कळले. पुढे दुसऱ्या राज्यांच्या सरकारांनीही बायफला बोलावले आणि उरुळीची पद्धत गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, कर्नाटकापर्यंत गेली.

कामाची शिस्त काय होती ते सोमेश्वरनगरच्या गोठ्यातून पाहिले तर जास्त कळेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईचे बीज माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटते, म्हणून ही घाई-सवड. माजाचा बळस काचेसारखा स्वच्छ असेल तर भरवायची, पांढुरका किंवा पुवाळ दिसला तर गर्भाशयाला सूज आहे, आधी उपचार. व्याल्यावर निदान दोन महिने गाईला सवड द्यायची. कांडी टाकीतून काढल्यावर कोमट, ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट धरायची, खिशात नाही की हातावर चोळून नाही. त्या बारक्या कांडीत गोठवताना किमान दोन कोटी शुक्रजंतू घातलेले असतात, निष्काळजीपणाने क्षणात निम्मे मरतात. मग गाय उलटली की दोष गाईच्या नशिबाला.

म्हशीचे तर आणखी नाजूक. उन्हाळ्यात ती मुका माज करते, ओरडत नाही, बळसही फारसा दिसत नाही. पहाटे आणि रात्री गोठ्यात जाऊन पाहणाऱ्यालाच तो सापडतो.

इंजेक्शनाचा नंबर

मणिभाईंच्या उतारवयात हार्मोनची औषधे पशुवैद्यकात आली. मेंदूतून निघून अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची घडण १९७१ साली उलगडली आणि त्या कामाला १९७७ चे नोबेल मिळाले. त्याच दशकात प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शने निघाली. ही औषधे खोटी नाहीत. जाणकाराच्या हातात ती फार उपयोगी पडतात. पण ती काय करतात हे समजून घेतले पाहिजे, कारण आज गावोगाव त्यांची मागणी औषध म्हणून कमी आणि उतारा म्हणून जास्त होते.

गाय माजाला येऊन गेली की अंडाशयावर एक पीतपिंड तयार होतो. गाय गाभण राहिली तर तोच पिंड गर्भ सांभाळतो. राहिली नाही तर सोळा-सतरा दिवसांनी तो विरतो आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा माज येतो. प्रोस्टाग्लँडिन हा पिंड विरघळवते. म्हणजे पिंड असेल तरच त्याचा उपयोग, आणि तोही पिंड पाच-सहा दिवसांचा झाल्यावर. अंडाशय थंड पडलेल्या, हाडे दिसणाऱ्या गाईला ते दिले तर पैसे गेले. आणि गाय गाभण असताना दिले तर वासरू गेले. म्हणून आत हात घालून तपासल्याशिवाय हे इंजेक्शन कुणी टोचू लागला तर त्याला हात जोडून परत पाठवावे. आणखी एक, ज्यांना दमा आहे त्यांनी आणि गरोदर बायकांनी ती बाटली हाताळू नये, कातडीतूनही ते अंगात जाते. गोठ्यातली निम्मी कामे बायकाच करतात, त्यांना हे कुणी सांगितलेले नसते.

माजच न दाखवणाऱ्या गाईसाठी प्रोजेस्टेरॉनचे साधन योनीमार्गात काही दिवस ठेवून काढतात, जोडीला पीएमएसजी देतात. ते पीएमएसजी कुठून येते? गाभण घोडीच्या रक्तातून. १९३० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ते प्रथम सापडले. चाळिसाव्या दिवसापासून साधारण एकशेतिसाव्या दिवसापर्यंत ते घोडीच्या रक्तात असते.

हे सगळे उपाय एका गोष्टीवर अवलंबून आहेत, गाईच्या अंगात काहीतरी असले पाहिजे. व्याल्यावर दुधाचा भर असतो, खाल्लेले पुरत नाही, गाय अंगावरचे मांस जाळून दूध देते. अशा गाईचे अंडाशय गप्प बसते, आणि ते तिच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे. आपल्याकडे त्यात वाढ्यांची भर. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम धरून ठेवते आणि जनावराला मिळू देत नाही. नुसत्या वाढ्यावर चार महिने काढलेली गाय दिसायला गुबगुबीत आणि आतून रिती असते. जोडीला लसूणघास किंवा कोणतीही द्विदल वैरण, कडबा आणि रोजचे खनिज मिश्रण नसेल तर पशुवैद्याने तरी काय करावे? मणिभाईंनी सुबाभळीचा एवढा ध्यास घेतला होता त्याचे कारण हेच. बायफने परदेशातून आणलेली के-८ जातीची सुबाभूळ बांधाबांधावर लावायला सांगितली, प्रथिनांचा पाला शेतकऱ्याला फुकट मिळावा म्हणून. पुढे ती माजली, तण म्हणून तिला नावेही ठेवली गेली. तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा लागतो हेही खरे. पण गाय फळवण्याची सुरुवात बांधापासून करणारा माणूस म्हणून मला मणिभाई त्यात दिसतात.

दूध सोडण्यासाठी काहीजण धारेच्या आधी ऑक्सिटोसिन टोचतात, ते मात्र उपचारात बसतच नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणे-वापरणे गुन्हा आहे, आणि रोज टोचलेल्या गाईला त्याची सवय लागते.

घोडीवाल्यांसाठी थोडे

आपल्या भागात मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर चालणारी बुटकी, काटक घोडी अजून दिसते. भीमा-नीरेच्या काठची ही भीमथडी. मराठ्यांच्या फौजा हिच्याच पाठीवर फिरल्या. २०२३ च्या सुमारास तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. अकलूज आणि सारंगखेड्याच्या बाजारामुळे हौशी घोडीवालेही वाढले आहेत, आणि घोडी राहत नाही म्हणून इंजेक्शने देणारेही.

घोडी ही गाय नव्हे, एवढे आधी मनात पक्के करावे. तिचे चक्र २१-२२ दिवसांचेच, पण त्यातला माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटते ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. पहिल्याच दिवशी एकदा घोडा दाखवून मोकळे होणाऱ्याची घोडी रिकामी राहते. एक दिवसाआड दाखवावा. दिवस मोठा होऊ लागला की तिचा हंगाम, कडाक्याच्या थंडीत अनेक घोड्या गप्प असतात. व्याल्यावर आठ-दहा दिवसांत पहिला माज येतो, वार वेळेवर आणि पूर्ण पडली असेल तरच तो साधावा. प्रोस्टाग्लँडिन घोडीलाही चालते, पण तिच्या पीतपिंडाला पाच दिवस व्हावे लागतात. दिल्यावर अर्धा-एक तास तिला दरदरून घाम येतो, पोटात दुखल्यासारखी ती अस्वस्थ होते. माहीत नसलेला मालक घाबरून आणखी काहीतरी टोचून घेतो.

एक प्रकार खास घोडीचाच. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा झाल्यावर पडला, तर घोडी रिकामी असूनही माजावर येत नाही. ज्या पेशींतून ते पीएमएसजी निघते त्या गर्भाशयात पुढे दोन-तीन महिने जिवंत राहतात आणि घोडीचे अंग स्वतःला गाभणच समजते. अशा घोडीला इंजेक्शनांवर इंजेक्शने देऊन काही साधत नाही. घोडी नेमकी कधी भरवली, हे लिहून ठेवलेले असेल तरच डॉक्टरला हे ओळखता येते. वाड्याबरोबर फिरणाऱ्या मेंढपाळाने वही कुठे ठेवावी हा प्रश्न आहेच, पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे.

शेवटची वर्षे

१९८२ साली मणिभाईंना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच साली दक्षिण गुजरातेत वांसदा भागातल्या आदिवासींबरोबर त्यांनी नवे काम सुरू केले. डोंगर-उताराच्या एक-एक एकराच्या तुकड्यात आंबा, काजू, भोवती कुंपणाची झाडे, मधे घरचे धान्य, अशी वाडी. ती पद्धत पुढे नाबार्डने देशभर नेली. वासरापासून झाडापर्यंत त्यांची उडी मोठी वाटते, पण तिथेही एका घराला एक तुकडा, त्याची नोंद आणि त्यामागे फिरणारा एक शिकवलेला माणूस, असा उरुळीचाच साचा होता.

त्यांच्या कामाने काही प्रश्नही मागे ठेवले, ते झाकण्यात अर्थ नाही. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नाही, उन्हात धापा टाकतो, म्हणून शेतकऱ्याला तो नको. ट्रॅक्टर आले आणि बैलाचीच गरज घटली. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी लागू झाली, आणि या गोऱ्ह्यांचे काय करायचे ते कुणालाच सांगता येईना. मोकाट फिरणारे गोऱ्हे पाहिले की ग्रामपंचायतीच्या सभेत काय बोलणी होतात ते सदस्यांना ठाऊक आहे. दुसरे असे की परदेशी रक्त पुढच्या प्रत्येक पिढीत वाढवत नेले. निम्म्याच्या आसपास ते ठेवले तर गाय आपल्या उन्हात टिकते. ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेलेली गाय चैत्र-वैशाखात फळतच नाही. यात मणिभाईंचा दोष किती आणि वळू न पाहता दुधाच्या आकड्यावर रेत मागणाऱ्यांचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे बोट दुसरीकडे जाते. आणि तिसरे, खिलार आणि डांगीसारख्या आपल्या जाती मागे पडल्या, त्यांचे चांगले वळू गावात उरले नाहीत.

१४ नोव्हेंबर १९९३ ला मणिभाई गेले. वय त्र्याहत्तर. ज्याने एकाच गावात राहण्याचा शब्द दिला होता त्याचे काम तोवर अनेक राज्यांत पसरले होते. पुण्यात वारज्याला बायफचे मुख्य कार्यालय आहे, त्या जागेला त्यांचेच नाव आहे. उरुळीच्या वळूंच्या गोठ्यात होलस्टिन-जर्सीबरोबर देशी गाईंचे आणि म्हशींचे वळूही आहेत. लिंग ठरवलेल्या रेताच्या कांड्याही आता मिळतात, त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, म्हणजे गोऱ्ह्याच्या प्रश्नावर थोडा उतारा पडतो. पण या कांडीत शुक्रजंतू साध्या कांडीपेक्षा फार कमी असतात. ती महाग कांडी दोन-तीनदा उलटलेल्या गाईला वापरू नये, पहिल्या-दुसऱ्या वेतातल्या, माज स्वच्छ असलेल्या, अंगाने भरलेल्या गाईला वापरावी. कालवड असेल तर उत्तमच.

आणि गावात गाय धरायचा खोडा मोडलेला असेल तर ग्रामपंचायतीने तो पाडव्याच्या आत दुरुस्त करून घ्यावा. बिनखोड्याची गाय चौघांनी दाबून धरून तपासताना डॉक्टरचा हातही नीट जात नाही, आणि गाभण गाय रिकामी म्हणून सांगितली जाते.